धुळीचा जाब कोणी द्यायचा?

गेल्या उन्हाळ्यात लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही लग्नाला गेलो होतो. मंगल परिणय झाला, जेवणे उरकली आणि मांडवाच्या कडेला बाजेवर टेकून बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांकडे आमचे लक्ष गेले. सारी वस्ती त्यांना मामा म्हणते. "जयभीम मामा" म्हटल्यावर त्यांनी हात जोडले, पण उत्तर यायला वेळ लागला. दोन शब्द बोलायचे, थांबायचे, श्वास घ्यायचा, मग पुढचे दोन शब्द. आम्हांस वाटले दमा असेल. "दमा न्हाई, टीबी म्हणतेत," मामी मधेच म्हणाल्या. "तीनदा कोर्स केला. गोळ्या सरल्या, धाप काय सरंना."

बोलता बोलता कळले की मामा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत होते आणि पुढच्याच वर्षी मुंबईला गेले. मराठवाड्यातील आपली हजारो माणसे त्या दोन-तीन वर्षांत अशीच गेली. मामांना एका कारखान्यात काम मिळाले. काय काम होते? "पांढरा कापूस व्हता दगडाचा. त्याचा धागा काढायचा, पट्टे बनवायचे." दगडाचा कापूस हे ऐकले आणि आम्ही चमकलो. हा दगडाचा कापूस म्हणजे ॲस्बेस्टॉस. मामांनी एकोणीस वर्षे तो पिंजला. तोंडाला काय बांधत होता, असे विचारले तर हसून म्हणाले, "रुमाल. त्यो बी आपल्या घरचाच."

आम्ही विचारले, "मामा, जुना एक्सरे आहे का?" मामींनी आतून लोखंडी पेटी आणली. पेटीत लग्नातले धोतर, मुलांचे दाखले आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत काही कागद. एक ई. एस. आय. चे कार्ड, पगाराच्या दोन स्लिपा, गेटवर दाखवायचा पितळी बिल्ला. एक्सरे नव्हता. "व्हता ना, मोठा व्हता," मामी म्हणाल्या. "पंच्याण्णवच्या ग्रहणाला पोरांनी कापला. गल्लीतल्या समद्या लेकरांनी त्याच्यातून सूर्य बघितला."

२४ ऑक्टोबर १९९५ चे ते ग्रहण आम्हांसही आठवते. आम्हीही कोणाच्या तरी छातीच्या एक्सरेतून ते पाहिले असेल. पण त्या दिवशी मामांच्या घरात जो तुकडे तुकडे झाला तो नुसता फिल्मचा कागद नव्हता. कारखाना सोडल्यावर लवकरच काढलेला तो एक्सरे म्हणजे कंपनीच्या दारात उभे राहायला मामांजवळ असलेला सर्वांत मोठा पुरावा होता, आणि हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. कंपनीनेही नाही आणि डॉक्टरांनीही नाही. मामांचे नाव आणि कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांचे प्रकरण अजून चालायचे आहे.

वाचक बंधुभगिनींनी हा रोग समजून घ्यावा, कारण आपल्या वस्त्यांत तो टीबीच्या नावाखाली बसलेला असू शकतो. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. ते दगडातून निघते, पण त्याचे कापसासारखे तंतू होतात. आगीत जळत नाही, आम्लाने सहसा झिजत नाही, म्हणून गाड्यांचे ब्रेक, बॉयलरभोवतीचे दोर, भट्टीवरच्या कामगारांचे कपडे, सिमेंटचे पत्रे, पाण्याचे पाइप अशा शेकडो वस्तूंत त्याचा वापर झाला. पिंजताना, कापताना त्याचे जे तंतू उडतात ते डोळ्यांना दिसतही नाहीत. श्वासाबरोबर ते फुफ्फुसात खोल जातात आणि तेथेच रुततात. शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रण धरतात, फुफ्फुस कडक होत जाते, फुगेनासे होते. यालाच ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तो दिसायला दहा, वीस, कधी त्याहून अधिक वर्षे लागतात. याच तंतूंनी फुफ्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुफ्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग तर तीस-चाळीस वर्षांनी उपटतो. टीबीचे डाग बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, ॲस्बेस्टॉसिसची जाळी खालच्या भागापासून सुरू होते. पण डॉक्टरांनी "तुम्ही आयुष्यभर काय काम केले?" हा एक प्रश्न विचारलाच नाही, तर हा फरक कोणाच्या ध्यानात यायचा? आपल्याकडे खोकला म्हटला की टीबी, हे ठरलेले आहे. नांदेडच्या जुन्या मंडळींना उस्मानशाही मिल आठवत असेल. सुताच्या धुळीने छाती भरते हे गिरणीच्या गावाला कोणी शिकवावे लागत नाही. दगडाच्या धाग्याबद्दल मात्र आपल्या वस्त्या अजून अंधारात आहेत.

कंपन्या मात्र अंधारात नव्हत्या. ही गोष्ट आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत, कारण ती एका कामगार बाईची आहे.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गिरण्यांचे गाव आहे. तेथे नेली केर्शॉ नावाची बाई टर्नर ब्रदर्स या कंपनीत ॲस्बेस्टॉसचे सूत कातत होती. वयाच्या बाराव्या वर्षी ती गिरणीत लागली होती. १९२२ साली डॉक्टरांनी लिहून दिले की हिला ॲस्बेस्टॉसमुळे आजार झाला आहे. तिने कंपनीकडे मदत मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. हिला पैसे दिले तर उद्या दुसरे येतील, पायंडा पडेल, ही कंपनीची भीती होती. १४ मार्च १९२४ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी नेली मेली. मागे नवरा आणि लहान मुलगी. अंत्यविधीच्या खर्चालाही कंपनीने हातभार लावला नाही. गावच्या दफनभूमीत तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. डॉक्टर विल्यम कूक यांनी तिच्या फुफ्फुसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यांत ते तंतू रुतलेले होते. त्यांनी ते वैद्यकीय मासिकात छापले. पुढे १९३० साली सरकारी तपासणीचा अहवाल आला आणि १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील धुळीबाबत नियम झाले.

म्हणजे आमचे मामा खडी फोडायला उभे राहिले त्याच्या चाळीस वर्षे आधीच ही धूळ माणूस मारते हे कायद्यात लिहिले गेले होते. आणि ही टर्नर कंपनी काही रॉचडेललाच थांबली नाही. ती पुढे टर्नर अँड न्यूऑल झाली, जगभर पसरली, आपल्या मुंबईतही आली. घाटकोपरची हिंदुस्थान फेरोडो ही तिच्याच घराण्यातील कंपनी. तीच पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स झाली. टर्नर अँड न्यूऑल ही मूळ कंपनी १९९८ साली फेडरल मोगल या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि दाव्यांच्या ओझ्याखाली ऑक्टोबर २००१ मध्ये त्या दोघींनी दिवाळखोरीचा आसरा घेतला. पुढे आजारी कामगारांचे दावे भागवण्यासाठी वेगळा न्यास काढावा लागला. त्याच्याही आधी, १९८२ साली, अमेरिकेतली सर्वांत मोठी ॲस्बेस्टॉस कंपनी जॉन्स-मॅनव्हिल याच वाटेने गेली होती. आजार तीस वर्षांनी येतो, आणि तोवर कंपनीचे नाव बदललेले असते, मालक बदललेला असतो, गिरणीच्या जागेवर टॉवर उभा असतो. मग कामगाराने जाब कोणाला विचारायचा? मामांच्या पगाराच्या स्लिपेवर जे नाव छापले आहे त्या नावाची कंपनी आज नाही. तिचा वारस आहे, तो वेगळ्या नावाने धंदा करतो आहे.

दक्षिण आफ्रिकेतील खाणकामगारांनी या प्रश्नाला एक उत्तर शोधले. केप नावाच्या इंग्रजी कंपनीच्या तेथील खाणींत हजारो लोक आजारी पडले. कंपनी आपला गाशा गुंडाळून मायदेशी गेली. कामगारांनी लंडनमध्ये मूळ कंपनीवरच दावा लावला. कंपनी म्हणाली, तुमच्या देशात जाऊन भांडा. जुलै २००० मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की दावा लंडनमध्येच चालेल. २००३ साली तडजोड होऊन ७५ लाख पौंड मिळाले. माणसांच्या संख्येकडे पाहता रक्कम काही मोठी नव्हती, पण मूळ मालकाच्या दाराशी उभे राहता आले.

आता आपल्याकडे पाहू. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याच्या यादीत ॲस्बेस्टॉसिस होता, म्हणजे कागदावर आपण मागे नव्हतो. पण दाव्याची मुदत होती दोन वर्षे. नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत रोगाची लक्षणे दिसली तर लक्षणे दिसल्याचा दिवस धरायचा, अशी त्यात सवलत होती. आजार यायला वीस वर्षे आणि कायद्याची सवलत दोन वर्षांची! सबळ कारण दाखवले तर उशिराचा दावाही घेण्याचा अधिकार आयुक्तांना होता, एवढीच फट. हा १९२३ चा कायदा, १९४८ चा कारखाने कायदा आणि राज्य कामगार विमा कायदा यांची जागा आता २०२० च्या संहितांनी घेतली आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या आहेत. व्यवसायजन्य रोगांची यादी तेथेही आहे. पण वकिलाकडे जाल तेव्हा तुमचे प्रकरण जुन्या कायद्यात बसते की नव्या, हे आधी विचारून घ्या.

विम्याचा विषय निघाला म्हणून एक आठवण करून देतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितले गेले, १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्याच्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. मामांच्या पेटीतले ई. एस. आय. चे कार्ड त्या कायद्याचे. मामींनी ते दोरीने बांधून ठेवले होते, म्हणून आज मामांनी एकोणीस वर्षे कोठे काम केले हे सिद्ध करता येते.

ॲस्बेस्टॉसवरचा आपल्या देशातील सर्वांत महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिला. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने १९८६ साली अर्ज केला होता. न्यायालयाने सांगितले की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि हे बंधन खासगी मालकावरही आहे. प्रत्येक ॲस्बेस्टॉस कारखान्याने प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांतील जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवायची. सर्व कामगारांचा विमा उतरवायचा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या तपासणीत ज्यांना रोग ठरेल त्यांना एक लाख रुपये भरपाई द्यायची.

४० वर्षांची नोंद! मामा १९७३ साली लागले आणि १९९२ साली व्ही. आर. एस. घेऊन परतले. या हिशेबाने त्यांची नोंद २०१३ सालापर्यंत कंपनीजवळ असायला हवी होती. त्या अवधीत कोणी ती मागितली असती तर मिळवता आली असती. पण असा निकाल झाला आहे हे लातूर जिल्ह्यातल्या त्या खेड्यात कोण सांगणार होते? आम्ही स्वतःला लिहिते-वाचते म्हणवतो, आम्हांसही तो पुष्कळ उशिरा कळला, हे कबूल केले पाहिजे.

निकालानंतर काय झाले? मुंबईतील ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या संस्थेच्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस मिलच्या कामगारांची तपासणी केली, तिचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. २३२ कामगारांपैकी १८१ जण तपासणीला आले आणि त्यांत शेकडा २२ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. म्हणजे पाचांत एकाहून जास्त. त्याच अहवालात म्हटले आहे की भारतात अंदाजे एक लाख कामगार या धुळीत काम करतात आणि तोवर भरपाई मिळालेले तीसही नाहीत. मालक कागद देत नाहीत, डॉक्टरांना या रोगाचे शिक्षण नाही, ही कारणे त्यांनी मांडली. आमच्या मामांची कहाणी वीस वर्षांपूर्वीच छापून आली होती म्हणायची.

जबाबदारीचे तत्त्व तर आपल्या न्यायालयाने फार कडक सांगितले आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, त्या खटल्यात न्या. भगवती यांच्या पीठाने १९८६ साली ठरवले की धोक्याचा धंदा करणाऱ्याने "आमची चूक नव्हती" असे म्हणायचे नाही. इजा झाली की भरपाई, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. ही गळती भोपाळनंतर वर्षभराने झालेली. पण त्याच भोपाळचा हिशेब १९८९ साली ४७ कोटी डॉलर्सवर मिटवला गेला, युनियन कार्बाइड २००१ साली डाउ कंपनीने विकत घेतली, आणि कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेऊन जाळायला २०२५ साल उजाडले. तोही सरकारने जाळला. तत्त्व एकीकडे आणि वसुली दुसरीकडे, असा हा मामला आहे.

हे सगळे आम्ही मामांना समजावून सांगत असताना मामी ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "बाबा, ह्यांचे कपडे मीच झटकायची. चाळीत गॅलरीत उभं राहून. पांढरी धूळ उडायची, अंगावर यायची. मग माझं काय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. नवऱ्याचे कपडे धुऊन बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे इंग्लंड, इटली, अमेरिका येथे नोंदली गेली आहेत. पण आपला भरपाईचा कायदा कामगाराला ओळखतो, त्याचे कपडे धुणारीला ओळखत नाही. ती कंपनीच्या हजेरीपटावर नाही, तिचे ई. एस. आय. चे कार्ड नाही, बिल्ला नाही. तिला भांडायचे तर दिवाणी न्यायालयात भांडावे लागेल, आणि धूळ कोठून आली हे तिलाच सिद्ध करावे लागेल.

इटलीत कासाले मोनफेर्रातो नावाचे गाव आहे. तेथे एटर्निट कंपनी १९०७ ते १९८६ पर्यंत सिमेंटचे पत्रे करत होती. कारखान्यातला भुसा लोकांना मिळे, लोक तो अंगणात, माळ्यावर पसरत. कामगार तर मेलेच, पण ज्यांनी कारखान्यात पाऊल टाकले नाही असे शेजारी, गृहिणी, शिक्षक मेले. त्या गावच्या लोकांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१२ साली कंपनीच्या मालकास १६ वर्षांची शिक्षा झाली, वरच्या न्यायालयाने ती १८ केली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत टळली म्हणून सारा खटलाच रद्द केला. तेथेही मुदतच आडवी आली.

पत्र्यांचा विषय आपल्या घरचा आहे. नांदेड-लातूरच्या वस्त्यांत ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात साधारणपणे दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असते. अलीकडे त्याविना केलेले पत्रेही निघाले आहेत, पण डोक्यावरचे जुने पत्रे बहुतेक त्यातलेच. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. इंग्लंडने १९९९ साली, ते खणून आपल्याला विकणाऱ्या कॅनडाने २०१८ साली. आपल्याकडे खाणीतून काढणे बंद आहे, पण परदेशातून पांढरे ॲस्बेस्टॉस आणून पत्रे करणे चालूच आहे. घाबरून जाऊन कोणी आज छप्पर उतरवू नये. अखंड पत्र्यात तंतू सिमेंटने धरलेले असतात. धोका पत्रा कापताना, भोके पाडताना, फोडताना असतो. नांदेडला एका नातलगाकडे आम्ही पाहिले, कारागीर ग्राइंडरने कोरडा पत्रा कापत होता आणि खाली अंगणात लेकरे त्या पांढऱ्या धुरळ्यात नाचत होती. आम्ही पाण्याची बादली ओतायला लावली, मुलांना आत पाठवले. कारागीर म्हणाला, "साहेब, वीस वर्षं कापतोय, काही झालं न्हाई." त्याला आम्ही काय सांगणार? पत्रा भिजवून हातकरवतीने कापावा, तोंडाला ओला नव्हे तर बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क लावावा, कपडे घरात झटकू नयेत, फुटलेले तुकडे चुलीमागे वा रस्त्यावर भर म्हणून टाकू नयेत.

आता ज्यांच्या घरात मुंबई, ठाणे, अहमदाबादच्या अशा कारखान्यांतून परतलेली माणसे आहेत त्यांच्यासाठी. कागद शोधा. पगाराची स्लिप, विम्याचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, बिल्ला, कंपनीच्या कबड्डी संघाचा फोटोसुद्धा चालेल. एकही टाकू नका. सोबत काम केलेले जे जिवंत आहेत त्यांचे पत्ते लिहून ठेवा. लातूरला आणि नांदेडजवळ विष्णुपुरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे छातीच्या विभागात जाऊन काय काम केले ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. कंपनीकडे आपल्या आरोग्याची नोंद लेखी मागा, १९९५ च्या निकालाचा उल्लेख करा, स्पीड पोस्टाने नोंदणी करून पाठवा. एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या. वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मामींचा प्रश्न तेथेही मांडता येईल.

मामांना घेऊन आम्ही लातूरला गेलो. छातीचा नवा फोटो आणि सिटी स्कॅन झाला. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कामाचा इतिहास सविस्तर लिहून घेतला आणि केसपेपरवर ॲस्बेस्टॉसिसचा संशय नोंदवला. टीबीचा तिसरा कोर्स उगाच झाला असावा, असेही म्हणाले. कंपनीच्या आजच्या वारसाला अर्ज मामांच्या नातीने लिहिला, मामांनी सही केली. मामींनी वेगळा अर्ज दिला, त्यात गॅलरीत कपडे झटकल्याचे लिहिले आहे. पंधरा दिवसांनी दोन्ही पोचपावत्या शिक्क्यासह परत आल्या. शिक्क्यावर कंपनीचे नवे नाव आहे. मामींनी त्या पेटीत ठेवल्या आणि पेटीला कुलूप लावले. उत्तर अजून आलेले नाही.